दहापर्यंत

"पाया पड, यानंच तुले बरं केलं," सासूबाई नूतनला म्हणाल्या. हुडको कॉलनीतल्या घरात, बुद्धाच्या तसबिरीखाली, झाडफूक करणारा बैगा खीर ओरपत होता. मेंदूला सूज आली तेव्हाचे महिने नूतनला आठवत नव्हते. थेट रायपूरच्या दवाखान्यात नेलं, असं नवरा तीन वर्षं सांगत होता. बैगा बोटं चाटत हसला. "बहू, तुझमें बड़ा जोर था. मिर्ची के धुएँ में तेरे आदमी ने तेरे हाथ पकड़े." नवऱ्यानं मान खाली घातली. पाया पडायला वाकलेली नूतन सरळ झाली. आजारानंतर ती उगाच भडकायची, म्हणून डॉक्टरांनी मनात दहा मोजायला शिकवलं होतं. तिनं सावकाश मोजले, मग बैगापुढची खिरीची वाटी काढून घेतली. "माफ करो महाराज, अभी पूरी ठीक नहीं हुई," नवरा पुटपुटला. "आजारातला राग दहापर्यंत उतरते जी," नूतन म्हणाली, "ही किळस नाही उतरली."