रॉइसची पुंगळी

ट्यूसॉनच्या मैदानावर पिस्तूल, रायफल आणि शॉटगन अशा तिन्ही बंदुकांच्या सामन्यात रॉइस सलग चौथ्यांदा पहिला आला आणि वेंडेल सलग चौथ्यांदा दुसरा.

"त्या जागेवर आता तुझं नावच लिहून टाक," रॉइस त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. वेंडेलच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने चाप हलके करून घेतले होते, नळ्या बदलल्या होत्या, रायफलीवर महागडी दुर्बीण चढवली होती. रॉइसकडे बापाची जुनी रायफल. म्हणजे गोम काडतुसांतच असणार.

"मग विचार की त्याला," बायको म्हणाली.

"त्याला विचारू? त्यापेक्षा पाचव्यांदा हरेन."

काडतुसं इथे जो तो घरीच भरतो. झाडलेल्या पुंगळ्या वेचायच्या, दारू भरून पुन्हा वापरायच्या. त्या ओळखू याव्यात म्हणून बुडाला शाईची खूण, रॉइसची निळी आणि वेंडेलची हिरवी. वेंडेल मात्र दोनदा वापरलेली पुंगळी कामातून गेली म्हणत मैदानावरच्या पिंपात फेकून द्यायचा.

पुढच्या सामन्यात रॉइस पाचव्यांदा जिंकला. बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या वेंडेलने निळ्या खुणेची एक पुंगळी हळूच उचलली. घामेजल्या मुठीत ती घट्ट धरून तो गाडीत येऊन बसला आणि डोळ्यांवर चष्मा चढवला.

घामाने निळी शाई निघून आली होती.




खाली पुसटशी हिरवी खूण होती.