चार नंबरच्या पलंगासाठी तोडी

"बाई, आज ते चेहऱ्यांचे कागद ठेवा बाजूला आणि मला आख्खी तोडी ऐकवा," चार नंबरच्या पलंगावरून मास्तर म्हणाले.

डायलिसिसच्या वॉर्डात व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंना अशी फर्माईश दोन वर्षांत कोणी केली नव्हती. त्यांच्या संगीतसंस्थेला देणगी देणाऱ्यांनी कुठल्याशा तज्ज्ञाकडून शोधून काढलं होतं, की आजारी माणसाचं लक्ष सात मिनिटंच टिकतं. म्हणून सात मिनिटं वाजवायचं, मग पलंगापलंगाशी जाऊन रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे छापलेला कागद पुढे करायचा. रोग्याने एका चेहऱ्यावर खूण केली की पुन्हा सात मिनिटं. आठ पलंग, आठवड्याचे पाच दिवस. सभागृहात श्रोत्यांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्यापासून संस्था जगत होती ती या खुणांवर. "अडला हरी, काय करणार!" असं संस्थेच्या चिटणीसबाई हसत हसत म्हणायच्या. पाय मात्र बाईंनी धरायचे.

आज सकाळीच चिटणीसबाईंचा फोन आला होता. वार्षिक मैफलीतला एक गवई आजारी पडला होता. "आख्खा तास तुमचा. बाराच्या आत हो की नाही ते सांगा, पत्रिका छापायला जायच्यात." याच फोनची बाईंनी दोन वर्षं वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा 'कळवते' एवढंच म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. हल्ली घरी रियाजाला बसलं की हात कुठेतरी अडायचा. कुठे, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आज विचारावं लागणार होतं.

"वाजवा हो," सिस्टर म्हणाल्या. "आज वरचं कोणी फिरकणार नाही. आणि ही मंडळी चार तास कुठे पळून जातायत?"

दोघे-तिघे हसले. सिस्टरांनी तीन आणि चार नंबरच्या पलंगांमध्ये धुतलेली चादर अंथरली. बाई प्लॅस्टिकची खुर्ची सोडून खाली मांडी घालून बसल्या, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवलं. असं बसून त्यांनी वॉर्डात कधी वाजवलं नव्हतं. मास्तरांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी मैफली ऐकल्या होत्या. त्यांच्यापुढे थापा चालण्यासारख्या नव्हत्या.

आलाप छान सुरू झाला. रिषभ हवा तितका उतरून लागला. मास्तरांनी मान डोलावली. बाई गंधारावर रेंगाळल्या, मध्यमाकडे निघाल्या, आणि गज आपसूकच भराभर चालायला लागला. एक चटपटीत तुकडा वाजला, षड्ज आला, संपलं. पलंगांवरून टाळ्या पडल्या. एक हात नळ्यांत अडकलेला, म्हणून मांडीवर थापटून वाजवलेल्या.

"थांबलात का?" मास्तर म्हणाले. "आत्ता कुठे दार उघडत होतं."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. बरोबर सात मिनिटं झाली होती.

"घड्याळाचा दोष आहे," ते म्हणाले. "सिस्टर, त्याच्यावर टॉवेल टाका बघू."

सिस्टर स्टुलावर चढल्या. "अकरा पस्तीस," असं मोठ्याने म्हणून त्यांनी घड्याळ झाकलं.

बाईंनी डोळे मिटले. या खेपेला घाई करायची नाही. एकेका स्वराशी बसायचं, त्याची ख्यालीखुशाली विचारायची, मग पुढे. हळूहळू वॉर्ड दूर गेला, मशिनांची घरघर दूर गेली. लहानपणी गुरुजींसमोर बसायच्या तेव्हाचं काहीतरी हाताला पुन्हा लागलं. असं किती दिवसांत झालं नव्हतं! त्या वाजवत राहिल्या. केव्हातरी सगळं सांगून झाल्यासारखं वाटलं, तेव्हा त्यांनी गज खाली ठेवला. मान आखडली होती, पण जीव हलका झाला होता. अर्धा तास सहज गेला असणार. चिटणीसबाईंना काय सांगायचं ते ठरलं होतं.

"किती वाजले हो सिस्टर?" त्यांनी हसून विचारलं. "बारा होऊन गेले नाहीत ना?"

सिस्टरांनी टॉवेल ओढला.

अकरा बेचाळीस.

एक मशीन उगाचच बीप-बीप करायला लागलं, सिस्टर तिकडे धावल्या. दोन नंबरच्या आजी मऊ आवाजात म्हणाल्या, "तो कागद दे बाळ इकडे. मी हसऱ्यावर खूण करते."

बाई चादरीवर तशाच बसून राहिल्या. फोन वाजला तेव्हा तो त्यांनी लगेच उचलला.

"हो, मीच. तासाचं नको... नाही, तब्येत बरी आहे. तुम्ही सुरुवातीला पाहुण्यांचं स्वागत वगैरे करता ना, तेव्हा थोडं वाजवीन. सात मिनिटं."

"अय्या, बेस्टच!" चिटणीसबाईंचा आवाज पलंगापर्यंत पोहोचला. "ते तर तुमच्याइतकं नेमकं कोणालाच जमत नाही!"

मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि सुई आत जाताना मिटतात तसे डोळे घट्ट मिटून घेतले.