बंद शाळांची यादी

मार्जीची धाकटी बहीण लोइस हिमवादळात शाळेला म्हणून निघाली ती परत आलीच नाही, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. "वादळामुळे बंद असलेल्या शाळांत रेडिओवर तिच्या शाळेचं नावच घेतलं नाही हो!" म्हणत वडील, व्हर्नन, तेव्हा धाय मोकलून रडले होते. गावानंही नशिबालाच बोल लावला.

गावच्या रेडिओवर गाणी लावणाऱ्या हँकच्या जुन्या टेपा परवा कुणीतरी इंटरनेटवर टाकल्या. मार्जीनं नेमकी त्याच सकाळची लावली. गाणं थांबवून हँक बंद शाळांची यादी वाचू लागला.

खुर्चीत पेंगणारे वडील ताडकन उठले. "मार्जी, बंद कर ते!"



"अरे व्हर्नन, तिसऱ्यांदा फोन करतोयस," टेपमधला हँक फोनवर हसत म्हणाला. "लोइसची शाळा आज बंद आहे, बाबा. झोपू दे पोरीला!"