सफरचंदाखालचा बाक

तिमिश पुन्हा टेबलाखाली शिरला होता. बोर्शची, म्हणजे बिटाच्या सूपची, थाळी उपडी झाली होती आणि लालभडक रस्सा जमिनीवर पसरला होता. म्हातारा पानास गुडघ्यांना शिव्या देत खाली वाकला आणि मुलाशेजारी जाऊन बसला.

"बाबा, ड्रोन..."

"मधमाश्या आहेत रे लेका. आपल्याच. खिडकी उघडी राहिली माझ्याकडून."

तिमिशला दिसत नव्हतं. आघाडीवर एका ड्रोननं त्याचे दोन्ही डोळे नेले होते आणि सोबतचे मित्रही. जरा कुठे घूं झालं की एवढा उंचापुरा गडी लटलट कापायचा. आणि घर कुणाचं, तर मधमाश्या पाळणाऱ्याचं! देवाला थट्टा करायलाही हेच घर सापडलं होतं.

पानासनं हट्टच धरला. रोज सकाळी तो मुलाला हाताला धरून सफरचंदाच्या झाडाखालच्या बाकावर नेई. समोरच मधमाश्यांच्या पेट्या होत्या. "ऐक. नुसतं ऐक. या आवाजानं आजवर कुणाचं वाईट केलं नाही." पहिल्या दिवशी तिमिश उठून पळाला तो थेट कुंपणावर आदळला. पानासनं त्याच्या कपाळाला मध लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेऊन बसवला. पोरगं हळूहळू टिकायला लागलं. एकदा एक माशी त्याच्या मनगटावर चालत गेली आणि तो चक्क हसला. पानासनं तोंड फिरवून डोळे पुसले. आंधळ्या मुलापासून काय लपवायचं, हेही त्याला सुचलं नाही.

मग सूर्यफुलं फुलली. ती फुलली की पेट्या गाडीवर घालून टेकडीमागच्या शेतात न्यायच्या, ही गावाची जुनी रीत. यंदा पानास चालढकल करत राहिला.

"अरे, फुलं काय तुझ्यासाठी थांबणारेत?" शेजारची हापका आजी कुंपणावरून ओरडली. "माश्या उपाशी मारशील!" मग तिनं आवाज खाली आणला. "खालच्या आळीतली ओलेना गेली रे काल. गाय घेऊन चालली होती बिचारी. नदीपलीकडून ड्रोन सोडला मेल्यांनी, एकट्या बाईमागे."

"हळू बोल. तिमिशच्या कानावर घालू नकोस. आत्ता कुठे सावरतोय."

"मी कशाला सांगू? पण कधीतरी कळणारच ना त्याला."

दुसऱ्या दिवशी पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आत, पानासनं सगळ्या पेट्या गाडीवर चढवल्या. तिमिश गाढ झोपला होता. कित्येक महिन्यांत असा झोपला नव्हता. त्याला हलवायला पानासचा जीव होईना. परत आल्यावर सांगू, असं म्हणून त्यानं घोडी हाकली.

तो परतला तेव्हा ऊन चढलं होतं. फाटकापाशी घोडी अडली, काही केल्या पाऊल टाकेना. पानासनं कुंपणावरून आत पाहिलं. तिमिश भिंत चाचपत एकटाच बाहेर आला होता. आघाडीवरून परतल्यापासून पहिल्यांदाच एकटा. बाकावर पाय पसरून, तोंड वर करून तो मजेत बसला होता. त्याच्यासमोर पेट्यांच्या जागी गवताचे पिवळे पडलेले चौकोन तेवढे उरले होते.

आणि घूं घूं आवाज येत होता.

"तिमिश! पळ! तळघरात शिर!" पानास लगाम टाकून धावत सुटला.

तिमिशनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. किती दिवसांनी पोरगं मोकळं हसत होतं.

"अहो बाबा, आता तुम्हीच काय घाबरताय? मधमाश्या आहेत. आपल्याच."

आणि एखादी येऊन बसेल म्हणून त्यानं मनगट पुढे धरलं.