पापलेटाचा डोळा

मोतीबिंदू काढून साधी लेन्स बसवली तर जवळचं बघायला चष्मा लागेल, महागडीला बहुतेक लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. किंमत ऐकून नंदू साधीच बसवू म्हणाला, पण त्याची बायको प्रेमा हटेना. "मासळी घ्यायची तर तिचा डोळा जवळून दिसायला हवा. बाजारात चष्म्यावर पाणी उडतं. मला महागडीच हवी."

एका डोळ्याचं ऑपरेशन झकास झालं, दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता. महिन्याभराने दोघं विक्रोळीच्या बाजारात नेहमीच्या कोळणीपुढे उभी राहिली. गेली दोन वर्षं "डोळा धुरकट आहे गं, शिळं दिसतंय" म्हणत प्रेमा तिच्याकडून निम्म्या भावात पापलेट नेत होती. "बोल काकी, आज काय खोट काढतेस?" कोळणीने विचारलं.

प्रेमा टोपलीवर वाकली. एकूण एक पापलेटाचा डोळा काचेसारखा लखलखत होता. दोन वर्षांची ती सगळी शिळी पापलेटं तिला आठवली, आणि ती किती गोड लागायची तेही.

नंदू हळूच तिच्या कानाशी लागला, "तो डोळा मीट आणि दुसऱ्याने बघ. लेन्सचे पैसे वसूल व्हायचेत अजून."