बिनदाराचं घर

नकाशाच्या ॲपसाठी आयकॉन, म्हणजे छोटी चिन्हं, काढायला मी नुकताच शिकू लागलो होतो. पहिलंच काम आलं ते घराच्या आयकॉनचं. मी हौसेने छप्पर, खिडकी, दार, पायरी, पायरीवरची कुंडीसुद्धा काढली.

"एवढा संसार कशाला मांडलात?" सीनियर बाई म्हणाल्या. "नखाएवढं दिसणार आहे ते. उडवा."

कुंडी उडवली, पायरी उडवली, खिडकी बुजवली. महिनाभर ऑफिसातच मुक्काम ठोकून एकेक रेष घासत बसलो. शेवटी दारही गेलं, तेव्हा कुठे बाई प्रसन्न झाल्या.

ॲप बाजारात आलं; चाचणीसाठी ते माझ्या फोनवर महिनाभर आधीपासूनच चालू होतं. मी मोठ्या ऐटीत बायकोपुढे माझा फोन धरला. माणूस सगळ्यात जास्त वेळ जिथे काढतो, तिथे हे ॲप आपणहून घराचं आयकॉन लावतं. माझ्या नकाशावर ते लागलं होतं आमच्या ऑफिसवर.

"काहीतरी चुकलंय," मी घाईघाईने म्हणालो.

बायकोने चष्मा लावून नीट निरखून पाहिलं.

"छे, अगदी हुबेहूब जमलंय तुला," ती म्हणाली. "दारच नाही. माणूस बाहेर पडणार कुठून?"