मखरामागची भिंत

पुराचं पाणी ओसरून महिना झाला, तरी हॉलची भिंत हाताला ओलीच लागायची. "अहो, प्लॅस्टर खरवडू, आधी भिंत वाळू द्या," मी सांगून थकले. पण गणपती तोंडावर आलेले. नवऱ्याने त्या ओलीवरच पिवळा ऑइलपेंट फासला, वर मखमली पडदा सोडला आणि पुढे मखर मांडलं.

पाचव्या दिवशी धूप-केवड्यातूनही कुजलेल्या पायपुसण्याचा वास यायला लागला. मी खिडकी उघडली की नवरा लावून घ्यायचा. समई विझते म्हणे. लेकीचा खोकला थांबेना.

आरतीनंतर शेजारच्या खातूकाकू मोदक खात म्हणाल्या, "पूर आला होता असं वाटतच नाही हो!" नवरा फुलला. लेक खोकून खोकून लालबुंद झाली.

मी पडदा बाजूला ओढला. रंगाचे फोड फुटून पुराच्या खुणेपर्यंत काळी-हिरवी, लवदार बुरशी माजली होती. पडद्याच्या पाठीलाही तीच, बुळबुळीत. काकूंनी अर्धा मोदक ताटलीत ठेवून पदर नाकाला लावला.

"अगं, विसर्जनापर्यंत तरी झाक!" नवरा पुटपुटला.

मी खिडक्या सताड उघडल्या. समई विझली.

विझू दे.